पाणी उंबरठ्याला लागण्याआधी वाजणारी घंटा

जुलै महिन्यात डोलवी-वडखळच्या पट्ट्यातला दुकानदार रात्री शटर ओढताना दोन गोष्टी बघतो. एक कुलूप आणि दुसरे आभाळ. तिसरी गोष्ट म्हणजे भरतीची वेळ. ती पाहणारे फार थोडे. नाखव्यांच्या घरात ती लहान मुलालाही ठाऊक असते, पण आपण किराणा, कापड, सिमेंट विकणारी माणसे ती विसरून गेलो आहोत. या लेखात एक लहानसे यंत्र घरी कसे बनवायचे ते सांगायचे आहे. पण यंत्राच्या आधी पाण्याचे थोडे समजून घेऊ, कारण पाणी कसे येते हे न समजता बसवलेले यंत्र भिंतीवरच्या खेळण्यासारखे राहते.

डोलवीच्या बाजूला अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते. आसपासची बरीच जमीन खारबंदीची, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली. बांधाला जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला उघाडीचे दार उघडते आणि आतले पावसाचे पाणी खाडीत जाते. भरतीला खाडीच्या दाबाने तेच दार बंद होते. म्हणजे भर भरतीत जोराचा पाऊस पडला तर बांध शाबूत असला, त्याला कुठे खांड पडली नसली, तरी आतल्या पाण्याला बाहेर जायला वाट नसते. ते मग सखल जागा शोधते. बाजार बहुधा सखल जागीच असतो, कारण रस्ता आणि नदी जिथे जवळ येतात तिथे बाजार बसतो. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने नागोठण्याचे काय केले ते तिथले म्हातारे आजही सांगतात. २६ जुलै २००५ ला सगळ्या रायगडाने ते पाहिले, आणि २२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुरात महाडच्या बाजारपेठेने. अशा प्रत्येक पुरानंतर व्यापाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते : “अर्धा तास आधी कळते तर निम्मा माल वाचला असता.”

हा अर्धा तास मिळवणे हेच आपले काम आहे.

उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठी असते. आपल्या चांदाच्या हिशोबाने पहिली ते तिसरी आणि चौदावी ते सोळावी, हे दिवस लक्षात ठेवावेत. जुने नाखवे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वितीया असेल तर दीडच्या सुमारास, चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास. खाडीत आत ती मुंबईपेक्षा थोडी उशिरा पोचते. या हिशोबातून एक गोष्ट लगेच ध्यानात येईल : उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान असते आणि रात्रीही बारा ते दोनच्या दरम्यान. पावसाळ्यात दुपारची भरती सहसा रात्रीच्या भरतीहून उंच असते हे खरे. पण दुपारी आपण गल्ल्यावर असतो, पाणी डोळ्यांनी दिसते. रात्री दुकान बंद आणि मालक झोपलेला. बेसावध गाठते ते रात्रीचे पाणी.

आता यंत्राकडे वळू.

लागणारे सामान एका मुठीत मावेल. बीसी ५४७ नावाचा एक ट्रान्झिस्टर. १० किलोओहमचा एक रेझिस्टर (पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी) आणि १०० किलोओहमचा एक (तपकिरी, काळा, पिवळा). १०४ असा आकडा छापलेला एक छोटा सिरॅमिक कंडेन्सर. एक बझर. चार पेन्सिल सेल आणि ते बसवायचा डबा. दोन स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. दोन तारांची साधी वायर, लागेल तितकी लांब. हे सगळे मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळतेच, पण रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आपल्या ओळखीच्या कारागिराकडेही यातले बरेचसे पडलेले असते. सेल आणि डब्यासकट खर्च शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास येतो.

बझर घेताना एक सावधगिरी बाळगावी. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक नुसती पितळी चकती. तिला वीज दिली तर “टिक” होते आणि संपले. दुसरा काळ्या डबीतला, ज्याच्या आतच आवाज काढणारी रचना बसवलेली असते. आपल्याला हा दुसरा हवा. दुकानातच दोन-तीन सेल जोडून लावून बघा, लाल तार धनाला आणि काळी ऋणाला. सलग ओरडला तर पैसे द्या. त्यावर ३ ते २४ व्होल्ट असे लिहिलेले असते, म्हणजे आपल्या सहा व्होल्टवर तो आरामात चालतो.

पाणी ही घंटा वाजवते कसे, हे नवशिक्या मुलाने विचारलेच पाहिजे. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. पण विहिरीच्या, गटाराच्या, खाडीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि ते वीज वाहून नेतात. खाडीचे खारे पाणी तर फारच चांगले वाहक आहे. तरीही साध्या विहिरीच्या पाण्यात दोन स्क्रूंमधून जी वीज जाते ती अगदी किरकोळ, एका मिलिअँपिअरचा दहावा हिस्सा वगैरे. बझरला लागतात दहा ते वीस मिलिअँपिअर. मग हे जमावे कसे?

इथे ट्रान्झिस्टर कामाला येतो. गोदामात मुनीम स्वतः पोते उचलत नाही. तो नुसती मान हलवतो आणि हमाल पोते उचलतो. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी मधला पाय, ज्याला बेस म्हणतात, तो मुनीम. कलेक्टर ते एमिटर हा रस्ता हमालांचा. बेसमध्ये पाण्यातून आलेली किरकोळ वीज शिरली की त्याच्या शे-दोनशे पट वीज कलेक्टरमधून एमिटरकडे वाहू लागते आणि घंटा वाजते. पाणी नसेल तेव्हा मुनीम झोपलेला, हमालही झोपलेले, आणि सेल जवळजवळ काहीच खर्च होत नाहीत. म्हणून हे यंत्र महिनोन् महिने टांगून ठेवता येते. १९४७ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत हा ट्रान्झिस्टर जन्मला आणि त्याच्या तिघा कर्त्यांना १९५६ चे नोबेल मिळाले. आज तो दोन-चार रुपयांना मिळतो. असो.

जोडणी अशी. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून पहिला पाय कलेक्टर, मधला बेस, उजवीकडचा एमिटर. दुसऱ्या नंबरच्या ट्रान्झिस्टरमध्ये हा क्रम वेगळा असू शकतो, म्हणून दुकानदाराने “हाच चालेल” म्हणून दुसरा दिला तर आधी क्रम विचारून घ्या.

सेलच्या डब्याची लाल तार बझरच्या लाल तारेला जोडा. बझरची काळी तार कलेक्टरला. एमिटर सेलच्या डब्याच्या काळ्या तारेला. इतके झाले की हमालांचा रस्ता तयार झाला. आता मुनीमाचा. सेलच्या लाल तारेपासूनच आणखी एक तार काढा, ती पहिल्या स्क्रूला जाईल. दुसऱ्या स्क्रूकडून येणारी तार १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला जोडा. हा रेझिस्टर कधीही गाळू नये. दोन्ही स्क्रू चुकून एकमेकांना चिकटले तर हाच ट्रान्झिस्टरला जळण्यापासून वाचवतो. शेवटी बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याच सोबत तो १०४ चा कंडेन्सर, दोन्ही समांतर.

हे शेवटचे दोन भाग पुष्कळ जण अनावश्यक समजतात. मीही समजत होतो. माझ्या पहिल्या डबीत ते नव्हते, आणि ती डबी आर्द्रा लागल्यावर रोज रात्री कुईं कुईं करून घरादाराला उठवायची. पाणी कुठेच नसायचे. नुसती ओल होती. खाडीकाठच्या हवेत मीठ असते, ते दोन स्क्रूंमधल्या प्लास्टिकवर बसते, त्याला दमट हवा लागली की त्यातूनही थोडी वीज झिरपते. १०० किलोओहमचा रेझिस्टर ही झिरप स्वतः पिऊन टाकतो आणि बेसपर्यंत जाऊ देत नाही. कंडेन्सरचे काम वेगळे आहे. लांब वायर घरातल्या लाइटच्या वायरशेजारून गेली तर तिच्यात गुणगुण उतरते, ती हा शोषतो. दोन वेळा खोटी वाजलेली घंटा तिसऱ्या वेळी खरी वाजली तरी कोणी उठत नाही, म्हणून या दोन-तीन रुपयांची काटकसर करू नये.

काही मुले दोन ट्रान्झिस्टर एकापुढे एक जोडून यंत्र अधिक हळवे करतात. निव्वळ पावसाचे पाणी ओळखायचे असेल तर त्याचा उपयोग आहे. डोलवीत आपल्याला ओळखायचे आहे ते गटाराचे आणि खाडीचे पाणी. त्याला एक पुरे.

स्क्रू बसवणे, हेच खरे काम

डाख देणे अर्ध्या तासात होते. स्क्रू बसवायला मात्र डोके लागते. एखाद्या प्लास्टिकच्या बरणीचे झाकण घ्या. त्यात एकमेकांपासून दोन सेंटिमीटर अंतरावर दोन स्क्रू असे बसवा की त्यांची टोके खाली येतील. लाकडाची पट्टी वापरू नका, ती पाणी पिते आणि मग पाणी ओसरल्यावरही घंटा थांबत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच असावेत. खाऱ्या पाण्यात वीज वाहू लागली की धन बाजूचा धातू झिजतो. तांबे हिरवे पडते, साधे लोखंड तर काही दिवसांत खलास. वायर जिथे स्क्रूला जोडली तो सांधा झाकणाच्या वरच्या बाजूला ठेवून एम-सीलने पूर्ण बुजवा. झाकणाला तीन पाय करा, म्हणजे स्क्रूची टोके जमिनीपासून बोटभर वर राहतील. पावसाळ्यात फरशीला घाम येतो, त्या घामाने घंटा वाजू नये.

पावसाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून वर एखादी प्लास्टिकची वाटी पालथी घाला. पण वाटीच्या माथ्याला एक भोक अवश्य पाडा. भोक नसेल तर पाणी चढताना आत हवा कोंडते, आणि वाटीबाहेर चार बोटे पाणी झाले तरी आतले स्क्रू कोरडेच राहतात.

स्क्रूंकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी कोणती कुठल्या स्क्रूला, याने काही फरक पडत नाही. वायर पंधरा-वीस मीटर लांब असली तरी चालते. उंदरांचा त्रास असेल तर ती पाइपातून न्यावी.

आता जागा. बहुतेक जण हे झाकण दुकानाच्या आत, दाराशी ठेवतात. ते चूक आहे. तिथे घंटा वाजली म्हणजे पाणी आत आलेले असते, आणि मग ती घंटा दुःखद बातमी देण्यापलीकडे काही करत नाही. आधी स्वतःचा हिशोब मांडा. समजा जमिनीवर शंभर पोती आहेत, उचलणारी दोन माणसे आहेत आणि एक पोते फळीवर चढवायला एक मिनिट लागते. म्हणजे शंभर मिनिटे हवीत. मोठ्या उधाणात समुद्राचे पाणी सहा तासांत चार मीटरपर्यंत चढते, पण सारख्या गतीने नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात थोडे, मधल्या दोन तासांत तासाला मीटरभर. या वेगाने एक फूट पाणी अठरा मिनिटांत चढते. जमिनीवर पाणी पसरत जाते म्हणून वेग बहुधा कमी असतो, पण बांधाला खांड पडली तर त्याचा काही नेम नाही. अठरा मिनिटांत शंभर पोती होणार नाहीत. म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतील : पावसाळ्यात जमिनीवरचा माल कमी ठेवायचा, आणि स्क्रूंचे झाकण उंबरठ्यापासून जमेल तितके खाली आणि जमेल तितके दूर न्यायचे.

मागच्या पुराची खूण भिंतीवर असतेच. पाणी कुठल्या बाजूने आले, आधी कुठे साचले, हे शेजाऱ्याला विचारा. बहुतेक ठिकाणी रस्त्याखालची मोरी किंवा दुकानामागचे गटार आधी तुंबते. पहिले झाकण तिथे बांधा, गटाराच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा वितभर वर. दुसरे झाकण जोत्याच्या पायरीला. दोघांच्या डब्या वेगळ्या आणि बझरही वेगळ्या आवाजाचे, एक सलग वाजणारा आणि एक थांबून थांबून बीप करणारा. पहिला वाजला की उठून बाहेर डोकावायचे. दुसरा वाजला की बघत बसायचे नाही, माल उचलायचा.

घर दुकानाच्या मागेच असेल तर घंटा उशाशी आणता येते. घर लांब असेल तर ती रात्री जागणाऱ्या माणसाजवळ ठेवावी. शेजारच्या पेट्रोल पंपावर, गॅरेजवर, रखवालदाराकडे. डोलवीत १९९० च्या दशकात इस्पातचा पोलाद कारखाना उभा राहिला, २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यूकडे गेला. अशा कारखान्याच्या गावात रात्रपाळी करणारा कोणीतरी आसपास असतोच. मोबाइलवर संदेश पाठवणारे तयार संचही आता मिळतात. ते वाईट नाहीत. पण त्यांना वायफाय लागते, वायफायला लाइट लागते, आणि पुराच्या रात्री सर्वांत आधी जाते ती लाइट.

यावरून आणखी एक सांगतो, आणि हे फार गंभीर आहे. सेलचा खर्च वाचवायला हे यंत्र घरातल्या विजेवर, एखाद्या स्वस्त चार्जरवर चालवायचा मोह होईल. करू नका. स्वस्त चार्जर आतून बिघडला तर २३० व्होल्ट थेट त्या स्क्रूंवर येऊ शकतात, आणि स्क्रू आहेत बाहेरच्या पाण्यात, जिथून शेजारची मुले अनवाणी जातात. सहा व्होल्टच्या सेलने कोणाला इजा होत नाही. तसेच घंटा ऐकून दुकानात धावताना, पाय कोरड्या जागी असतानाच मेन स्विच खाली करा. पाणी स्विचबोर्डाच्या प्लगपर्यंत आलेले दिसले तर आत पाऊल घालू नका, माल राहू द्या.

चाचणी सोपी. पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर मीठ टाका आणि स्क्रू बुडवा. जोरात वाजले पाहिजे. मग मीठ न घातलेल्या विहिरीच्या पाण्यात बुडवा, तिथेही वाजले पाहिजे. मग नुसते ओले फडके जवळ धरा, तेव्हा वाजता कामा नये. मिठाच्या पाण्यातही वाजले नाही तर शंभरातल्या नव्वद वेळा ट्रान्झिस्टर उलटा लागलेला असतो किंवा बझरच्या तारा अदलाबदल झालेल्या असतात. मी या यंत्राला चालू-बंद करायचा स्विच लावत नाही. स्विच लावला की कोणीतरी तो एके दिवशी बंद करतो आणि पाणी नेमके त्या रात्री येते. आवाज थांबवायचा असेल तर झाकण उचलून कोरडे पुसावे.

याच जोडणीवर छतावरच्या टाकीचा गजरही होतो. स्क्रूंच्या जागी दोन तारा टाकीच्या काठाजवळ सोडल्या की झाले. “टाकी भरली आहे, कृपया मोटर बंद करा” असे बोलणारे तयार यंत्र बाजारात मिळते, त्याचे मूळ तत्त्व हेच.

आपल्या मुलांपैकी जी आयटीआय करून वायरिंगची किंवा मोबाइल दुरुस्तीची कामे करतात त्यांना यात धंदाही आहे. बसून केल्या तर दिवसाला आठ-दहा डब्या आरामात होतात. गिऱ्हाईक फक्त किराणावाला नाही. सिमेंटचे गोदाम घ्या, पोते भिजले की दगड झाला. पेण-हमरापूरकडचे मूर्तिकार घ्या. गणपतीच्या आधी जून-जुलैत त्यांच्या शेडमध्ये कच्च्या मातीच्या मूर्ती जमिनीपासून रांगेने लावलेल्या असतात आणि दोन बोटे पाणी त्यांचे वर्षाचे उत्पन्न विरघळवते. पण डबी विकून निघून येऊ नका. बसवण्याचे आणि दरवर्षी तपासण्याचे पैसे वेगळे सांगा, स्पष्ट सांगा. नफा डबीपेक्षा तपासणीत आहे, आणि गिऱ्हाइकालाही खरी गरज तपासणीचीच असते, कारण डबी सहसा बिघडत नाही, सेल बिघडतात. डबीवर सेल बदलल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा.

सेल दरवर्षी मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात बदलावेत, जुने चांगले वाटले तरी. त्या वेळी डब्यातल्या स्प्रिंगा सँडपेपरने घासाव्यात, खाऱ्या हवेने त्यांना गंज धरतो. पावसाळ्यात दर जुम्याला एकदा मिठाच्या पाण्याचा पेला लावून बघावे. दिवाळीच्या सुमारास झाकणे काढून गोड्या पाण्याने धुवावीत, सेल काढून घ्यावेत आणि डबी कोरड्या जागी ठेवावी. काढलेले सेल मुलांच्या खेळण्यात किंवा भिंतीवरच्या घड्याळात चालतात.